‘लव्हडेलिक’ ही जपानी गेम कंपनी काय होती? ती बंद पडल्यावर तिथली माणसं कुठे गेली?

हिशेब छोटा आहे. १९९५ ते २०००, एकूण तीन गेम आणि खेळ खल्लास. पण ‘अंडरटेल’ खेळून तुम्ही या नावापर्यंत पोचला असाल, तर बरोबर दार ठोठावलंत. ‘अंडरटेल’ करणाऱ्या टोबी फॉक्सवर लव्हडेलिकच्या पहिल्याच गेमचा, ‘मून’चा, प्रभाव आहे आणि तो ते उघडपणे सांगतो.

केनिची निशी हा स्क्वेअर या जपानी गेम कंपनीतला माणूस. ‘क्रोनो ट्रिगर’ या गेमवर काम केलेला, म्हणजे राक्षस मारा, लेव्हल वाढवा या कारखान्यातलाच. बाहेर पडून त्याने लव्हडेलिक काढली आणि त्याच कारखान्याची उलटतपासणी घेतली. ‘मून’ (१९९७, प्लेस्टेशन) मध्ये एक मुलगा रात्री गेम खेळत बसलेला असतो, आई ओरडते, टीव्ही बंद होतो आणि तो टीव्हीच्या आत ओढला जातो. तिथे तो कुणालाच दिसत नाही. एक म्हातारी त्याला आपला गेलेला नातू समजते आणि नातवाचे कपडे घालायला देते. मगच तो लोकांना दिसू लागतो, तेही नुसते कपडे! मघाशी आपणच चालवत असलेला शूर ‘हिरो’ इथे भेटतो, आणि तो निघतो लोकांच्या घरात घुसणारा, दिसेल तो प्राणी कापणारा चिलखती दांडगा. आपलं काम त्याच्या मागून जाऊन मेलेल्या प्राण्यांचे आत्मे गोळा करणं. हाणामारी शून्य, लेव्हल वाढते ती प्रेमाने.

दुसरा ‘यूएफओ’ (१९९९), अदृश्य परग्रहवासीयांचे फोटो काढून त्यांना सोडवायचा. तिसरा ‘लॅक ऑफ लव्ह’ (२०००), त्याचं संगीत जपानी संगीतकार र्‍युइची साकामोतोचं. कथेतही त्याचा हात. आपण एक मुका जीव, इतर जीवांना मदत करत उत्क्रांत होत जायचं. मुतायलासुद्धा वेगळं बटण आहे! पण तो आला सेगाच्या ड्रीमकास्ट या गेमयंत्रावर, आणि तीनच महिन्यांत सेगाने ते यंत्र बंद करत असल्याचं जाहीर केलं.

मंडळी पांगली. निशीने ‘स्किप’ ही कंपनी काढली, ‘चिबी-रोबो’ हा गेम तिथला. लव्हडेलिकमधलाच योशिरो किमुरा ‘पंचलाइन’ या गेम कंपनीत गेला, पुढे त्याने ‘ओनियन गेम्स’ थाटली. त्यांनीच २०२० मध्ये ‘मून’ इंग्रजीत निन्टेन्डोच्या स्विच या गेमयंत्रावर आणला. तेवीस वर्षांनी! मी तोच खेळलो.

तुम्हीही घेणार असाल तर एक सांगतो. सुरुवातीला अंगात जोर फार कमी असतो, मी दोनदा रस्त्यातच कोसळलो. लांब भटकू नका, वेळेत आजीकडे परत येऊन झोपा.