दुधाच्या हिशोबाशेजारी

"मॅडम, हे मनाचंच आहे ना?" मी समुपदेशक. क्लस्टर डोकेदुखी, म्हणजे काही आठवडे ठराविक वेळी एका डोळ्यामागे उठणारी तीव्र कळ, असलेल्या घरांतून हा प्रश्न मला हमखास ऐकू येतो. त्यातलंच हे एक घर, ओळख बदलून.

नवरा चाळिशीचा. सायनसची औषधं झाली, एक दाढही विनाकारण गेली. मध्यरात्री उजव्या डोळ्यामागे कळ उठायची. डोळा लाल, पाण्याची धार, नाक चोंदलेलं. न्यूरोलॉजिस्टनी निदान केलं, पण तोवर त्याला झोपेचीच धास्ती बसली होती.

"डोकं दुखणारा माणूस अंधारात पडून राहतो हो," बायको म्हणाली. "हे येरझाऱ्या घालतात, बाम लावायला गेलं की ढकलतात. सासूबाई तर म्हणतात, नाटकं."

मी म्हटलं, "वाद नको. फक्त वेळ लिहा."

पंधरा दिवसांनी तिने भिंतीवरचं कॅलेंडरच आणलं. दुधाच्या लिटरांशेजारी बारीक अक्षरात: १.४०, १.३५, १.४५. त्यावरून बोट फिरवता फिरवता ती थांबली. "नाटक करणारा रोज गजर लावून उठेल का?"

तो ढसाढसा रडला. हे वाक्य मला सुचलं नव्हतं. ते तिच्याकडून यावं एवढी जागा मात्र मी ठेवली होती.

शरीराचं घड्याळ मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात असतं आणि तो भाग या दुखण्यात गुंतलेला असतो. म्हणून ही वेळेची शिस्त. कळ १५ मिनिटं ते ३ तास टिकते आणि अस्वस्थपणे फिरणं हे तिचं लक्षणच. साधी गोळी पोटात विरघळेपर्यंत उशीर होतो. म्हणून मास्कने शुद्ध ऑक्सिजन, मिनिटाला १२ ते १५ लिटर, किंवा सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन. कळा येऊच नयेत म्हणून व्हेरापामिल, तेही ईसीजी बघत. हे सगळं डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. कळांचे आठवडे चालू असताना दारूचा एक पेगही नको.

माझं काम धास्तीवर. मी विवेकनिष्ठ पद्धतीची, म्हणजे भीतीमागचं वाक्य तपासून बदलायला शिकवणारी. कळ हातात नसली तरी "आज आली की मी संपलो" हे वाक्य हातात असतं. आम्ही ते "येईल, आणि जाईल" इथवर आणलं. "मरून जावंसं वाटतं?" हेही मी सरळ विचारलं. "कळ असताना, हो." असं विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. बायकोसमोरच ठरलं, कुणाला उठवायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, १४४१६, फ्रिजवर चिकटला.

आता ती झोपण्याआधी हॉलमधला टीपॉय बाजूला सरकवते. ऑक्सिजनजवळ ज्योत नको, म्हणून देवघरातला नंदादीप रात्री सासूबाई स्वतः शांत करतात.