लॅपटॉपला एकही वाय-फाय नेटवर्क दिसत नाही, फोनला मात्र सगळी दिसतात. काय करावं?

फोनला दिसतंय म्हणजे राउटर बहुधा ठीक आहे, लॅपटॉपकडेच बघा. तुम्ही विंडोज वापरताय असं धरून सांगतो.

आधी एअरप्लेन मोड बघा. हसू नका, बऱ्याचदा कीबोर्डवरची एफएन (Fn) की दाबून चुकून भलतंच बटण दाबलेलं असतं. काही जुन्या लॅपटॉपच्या कडेला वाय-फायचं छोटं स्विचही असतं, पिशवीत सरकवताना ते बंद होतं.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधली लॅपटॉपच्या भागांची यादी) 'नेटवर्क अडॅप्टर्स' उघडा. तिथे वायरलेस कार्डाचं नाव आहे पण पिवळं चिन्ह दिसतंय, तर बहुधा ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची गडबड. राइट क्लिक करून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा आणि रीस्टार्ट करा. विंडोज बहुतेक वेळा ड्रायव्हर आपणच परत बसवतं. नाहीच बसवला तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू करा आणि ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून उतरवा.

कार्डाचं नावच गायब असेल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग चालू करा. माझ्या लॅपटॉपचं कार्ड दोनदा असंच परत आलं. तरीही दिसलं नाही तर बहुधा कार्ड सैल झालंय किंवा गेलंय. यूएसबी वाय-फाय अडॅप्टर लावणं सगळ्यात सोपं.

आणि शेजाऱ्यांची नेटवर्क दिसतात, फक्त तुमचंच नाही, असं असेल तर राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फाय बँडवर आहे का बघा. बऱ्याच जुन्या कार्डांना २.४ गिगाहर्ट्झच कळतं.