अप्रेंटिसशिपची वाट कोणाला पुसावी?

(शिक्षण आणि रोजगार या विषयावरील वाचकांच्या प्रश्नांना या सदरातून उत्तरे दिली जातात. यावेळची तिन्ही पत्रे शिकाऊ उमेदवारीविषयी आहेत, आणि तिन्हींत आधी जाऊन आलेल्या मुलांचा संबंध येतो, म्हणून ती एकत्र घेतली आहेत.)

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. दहावीनंतर आयटीआय करून एखाद्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून जाण्याचा विचार करणारी दहा-बारा मुले दरवर्षी आमच्याकडे असतात. त्यांच्यासाठी आम्ही एखाद्या अधिकाऱ्यांचे व्याख्यान ठेवतो. मुले निमूटपणे ऐकतात, पण ‘काही शंका?’ असे विचारले की एकही हात वर होत नाही. यंदा आमचेच माजी विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून बोलवावेत असे ठरले आहे. कोणाला निवडावे आणि त्यांच्याकडून कोणती अपेक्षा ठेवावी?

उत्तर : मुलांना शंका नसतात असे नाही, त्यांच्या शंका अधिकाऱ्यांना विचारण्याजोग्या नसतात, एवढेच. पाळीला किती वाजता उठावे लागते, चूक झाली तर जुने कामगार सर्वांसमोर बोलतात का, डबा कुठे बसून खातात, खोलीचे भाडे आणि मेस भागवून हातात काय उरते, हे प्रश्न पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला खरोखर छळत असतात आणि त्यांची उत्तरे फक्त नुकताच तिथून आलेला मुलगाच देऊ शकतो. त्यामुळे तुमचा बेत योग्य आहे. फसतो तो निवडीत.

शाळा बहुधा सर्वांत यशस्वी माजी विद्यार्थ्याला बोलावते. ज्याने आज स्वतःचे वर्कशॉप काढले आहे, त्याच्या उमेदवारीला बारा-पंधरा वर्षे लोटलेली असतात आणि त्यानंतर विद्यावेतनापासून नोंदणीपर्यंत सगळेच बदलले आहे. त्याचे भाषण ऐकून मुले भारावून जातील, पण त्यांना उपयोग होईल तो ज्याची उमेदवारी चालू आहे किंवा वर्षा-दोन वर्षांत संपली आहे, अशा मुलाचा. तो मध्यम गुणांचा असला तर अधिक चांगले, कारण ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण मध्यम गुणांचेच असतात. शक्य असेल तर उमेदवारी अर्धवट सोडलेल्या एखाद्यालाही बोलवा. याला शिक्षकसभेत विरोध होईल याची मला कल्पना आहे. पण का सोडली, सोडताना कोणाला काय कळवले, प्रमाणपत्र हातचे गेल्याने पुढे काय अडले, हे त्याच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक, म्हणजे शिकवणारा, होतो, तेव्हाचा एक प्रसंग सांगतो. जवळच्या एका शाळेत आमचा एक माजी विद्यार्थी बोलायला आला होता. त्याला भाषण येत नव्हते. दोन वाक्यांत घसा कोरडा पडला. मग त्याने पिशवीतून दोन वस्तू काढल्या : स्वतः फाईल, म्हणजे कानस, मारून घासलेला लोखंडाचा चौकोनी तुकडा आणि ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या. तुकड्याला गुण्या लावून त्याने तो खिडकीसमोर धरला आणि मधून उजेड दिसतो का ते पाहायला सांगितले. एका बाजूने दिसत नव्हता, दुसऱ्या बाजूने केसाएवढी रेघ चमकत होती. ‘ही बाजू सुपरवायझरनी तीनदा परत केली,’ तो म्हणाला. तुकडा हातोहात फिरला आणि त्यानंतर तासभर प्रश्न थांबले नाहीत. तीनदा परत केल्यावर तू काय केलेस, हा पहिला प्रश्न होता.

तेव्हा व्यासपीठ, हार, माईक हे सगळे टाळा. एका मार्गदर्शकामागे तीन-चार मुले, बसायला वऱ्हांडा किंवा रिकामा वर्ग, आणि मार्गदर्शकाने सोबत आणायच्या दोन गोष्टी : स्वतः केलेले एखादे काम, आणि कंपनीशी झालेल्या उमेदवारीच्या करारपत्राची प्रत. पासबुक दाखवायची त्याची तयारी असेल तर उत्तमच, कारण त्यातून पुष्कळ कळते. केंद्राच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के, मात्र कमाल 1,500 रुपयांपर्यंतचा वाटा सरकार उचलते आणि 2023 पासून तो थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो. म्हणजे या योजनेतील मुलाच्या पासबुकात कंपनीची एक आणि सरकारची एक अशा दोन नोंदी दिसतात. हे ठाऊक नसल्याने कंपनीने पैसे कापले, अशी समजूत करून घेऊन घरी रडणारी मुले मी पाहिली आहेत.

एक सावधगिरी मात्र घ्या. या मुलांनी पाहिलेली असते ती एकच कंपनी, आणि तिथे जे चालते तोच नियम असे ती सांगू लागतात. नियमांची बाजू शिक्षकाने आपल्याकडे ठेवावी. शिकाऊ उमेदवारीचा कायदा 1961 चा आहे. त्याखालील नियमांत 2019 साली झालेल्या सुधारणेनुसार महिन्याचे किमान विद्यावेतन दहावी उत्तीर्णांना 6,000 आणि आयटीआय उत्तीर्णांना 7,000 रुपये असे ठरले, आणि उमेदवारी लांब मुदतीची असेल तर दुसऱ्या वर्षी त्यात 10 टक्के व तिसऱ्या वर्षी 15 टक्के वाढ सांगितली. अर्ज भरताना त्या वेळचा आकडा पाहून घ्यावा. आणखी एक गोंधळ हल्ली वारंवार दिसतो. राज्य शासनाने 2024 साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. तिच्यात बारावी उत्तीर्णांना 6,000, आयटीआय व पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये दरमहा, तेही सुरुवातीला सहा महिन्यांसाठी, देण्याचे ठरले. आकडा मोठा दिसतो म्हणून मुले तिलाच अप्रेंटिसशिप समजतात. पण ती 1961 च्या कायद्याखालची उमेदवारी नव्हे, आणि उमेदवारीच्या शेवटी परीक्षा देऊन जे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते, ते तिच्यातून मिळत नाही. तुमच्या मार्गदर्शकांपैकी एखादा या योजनेतून आलेला असेल, तर ते आधीच विचारून ठेवा. नाहीतर त्या दिवशी वऱ्हांड्यात दोघे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने सांगत बसतील.

प्रश्न : मी वीस वर्षांची असून आयटीआयनंतर पुणे परिसरातील एका कारखान्यात फिटर अप्रेंटिस आहे. माझ्या आयटीआयने मला नव्या मुलींशी बोलायला बोलावले आहे. माझे पहिले चार महिने फक्त कास्टिंगचे बर (ओतीव भागाच्या कडेला उरलेली धारदार किनार) काढण्यात आणि झाडलोटीत गेले. आता कुठे टूल रूममध्ये शिकायला मिळते आहे. ‘ते चार महिने सांगू नकोस, मुली घाबरतील,’ असे तिथल्या एकांनी सुचवले. मी काय सांगावे?

उत्तर : ते चार महिने अवश्य सांगा. मुली घाबरतात त्या ऐनवेळी कळल्यावर. आधी कळले तर त्या तयारीने जातात. फक्त ‘आम्हाला राबवून घेतले’ अशा एका वाक्यात ते गुंडाळू नका. सकाळी किती वाजता उभे राहिलात, दिवसाला साधारण किती नग हातांखालून गेले, हातमोजे मिळत होते की मागावे लागत, टूल रूममध्ये घ्या असे प्रथम कोणाला म्हणालात आणि त्यावर काय उत्तर मिळाले, हे क्रमाने सांगा. माझा अंदाज असा की तुम्ही मागितल्याशिवाय ती बदली झालेली नसावी, आणि ती कशी मागितली हेच समोरच्या मुलींना सर्वांत जास्त हवे असेल. बर काढण्याचे कामही अगदी वाया जात नाही. धातूची धार बोटाला कळू लागते ती तिथेच. पण ते चार महिने चालू नये, हेही खरे. करारात ज्या ट्रेडचे नाव आहे, त्याचे शिक्षण ठरलेल्या अभ्यासक्रमाप्रमाणे देणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. शिकाऊ उमेदवार हा कायद्याच्या दृष्टीने कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. याचा तोटा सगळे सांगतात, पण उलट बाजू अशी की शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या, मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइमला लावता येत नाही, कारखान्यांसाठीच्या आरोग्य व सुरक्षिततेच्या कायदेशीर तरतुदी त्यालाही लागू होतात आणि कामावर दुखापत झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते.

मुलींसमोर बोलताना आणखी एक गोष्ट न संकोचता सांगा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या व्याख्येत अप्रेंटिसचा स्पष्ट उल्लेख आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान जागी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. समितीच्या सदस्यांची नावे आपल्या कारखान्यात कुठे लावली आहेत, हे बोलायला जाण्याआधी स्वतः पाहून या. पाहायला गेल्यावर ती कुठेच दिसली नाहीत, तर तेही सांगा.

तुमच्यापुरतीही एक मर्यादा आखून घ्या. नंबर दिलात की फोन येऊ लागतील. कोणी खोली शोधून द्या म्हणेल, कोणी उसने मागेल, कोणी सुपरवायझरशी तुम्हीच बोला म्हणेल. तुम्ही ताई आहात, पण सल्लागार कार्यालय नव्हे, आणि तुमचीही परीक्षा अजून व्हायची आहे. रविवारी सकाळी तासभर फोन घेईन असे पहिल्याच दिवशी सांगून टाका. दुखापत, छळ किंवा थकलेले विद्यावेतन या तिन्हींपैकी काही कानावर आले, तर ते स्वतः सोडवत बसू नका; त्या मुलीला निदेशकाकडे आणि तिथून शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे लेखी अर्ज घेऊन पाठवा. करारातून उद्भवलेल्या वादाचा निर्णय सल्लागाराने द्यायचा असतो आणि तो मान्य नसेल तर 30 दिवसांत अपील करता येते. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, हे मात्र तुम्ही तिला दोनदा सांगा.

प्रश्न : भुसावळला आमच्या शेजारचा एक मुलगा म्हणतो, रेल्वेत अप्रेंटिस झालास की नोकरी पक्की. दुसरा म्हणतो, वर्षभर फुकट राबवतात आणि हाकलतात. माझा मुलगा आयटीआयच्या शेवटच्या वर्षात आहे. आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघेही आपापल्या अनुभवाचे टोक सांगत आहेत. उमेदवारी संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातलेले नाही, त्यामुळे ‘पक्की’ हा शब्द चुकीचा आहे. दुसरीकडे, रेल्वेच्या आस्थापनांत उमेदवारी पूर्ण करून प्रमाणपत्र मिळवलेल्यांसाठी लेव्हल-1 च्या, म्हणजे सर्वांत खालच्या वेतनस्तरावरील पदांच्या, थेट भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात. त्या जागांसाठीही संगणकावरील परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी यांतून जावेच लागते, पण इतरांना नसलेली एक वाट इथे आहे. विद्यावेतन मिळते, म्हणून ‘फुकट’ हाही शब्द बरोबर नाही. कमी म्हणा हवे तर. रेल्वेत अप्रेंटिसची निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवरून लागते, तेव्हा मुलाच्या हातात सध्या आहे ते आयटीआयचे शेवटचे वर्ष.

त्या दोघा मुलांना मात्र वेगवेगळे ऐकू नका, एकत्र बसवा आणि प्रश्न तुमच्या मुलाला विचारू द्या. मते विचारू नये, तारखा विचाराव्यात : उमेदवारी कधी संपली, शेवटची परीक्षा कधी दिली, प्रमाणपत्र हातात कधी आले, त्यानंतर भरतीची जाहिरात केव्हा निघाली, अर्ज भरला का, आणि मधल्या काळात घर कशावर चालले. एकाने प्रमाणपत्राची परीक्षाच दिली नव्हती असे कदाचित निघेल. तसे निघाले, तर दोघांच्या बोलण्यात एवढा फरक का पडला ते तुम्हाला तिथेच कळेल.