प्रश्न तुमचे : पहिला धक्का, दुसरा बाण

प्रश्न : वर्षभर स्टोइक तत्त्वज्ञान, म्हणजे जे आपल्या हातात नाही त्याने डळमळू नये असं शिकवणारा प्राचीन ग्रीक-रोमन विचार, वाचतोय. एरवी शांत असतो, पण बैठकीत कुणी चढ्या आवाजात बोललं की छाती धडधडते आणि वाचलेलं काहीच आठवत नाही. माझा सराव कुठे चुकतोय?

उत्तर : धडधड होणं ही चूक नाहीच. स्टोइक माणसाला काही वाटतच नाही, हा गैरसमज आहे. सेनेका या रोमन स्टोइक विचारवंताने इसवी सनाच्या पहिल्या शतकात रागावर लिहिताना स्पष्ट सांगितलंय की, गार पाणी अंगावर पडल्यावर येणारा शहारा किंवा लाजेने चढणारी लाली यांवर विवेकाचं काही चालत नाही. पुढच्या शतकात ऑलस गेलियस या रोमन लेखकाने वादळात सापडलेल्या जहाजावरच्या एका स्टोइकाची हकीकत लिहून ठेवली. तोही इतरांसारखाच पांढराफटक पडला होता. वादळ शमल्यावर त्याने एपिक्टेटस या स्टोइक गुरूचा दाखला दिला : मनावर आदळणारा पहिला ठसा आपल्या हातात नसतो, त्याला ‘हो, हे भयंकरच आहे’ अशी संमती द्यायची की नाही, हे असतं. बुद्धाच्या उपदेशातले दोन बाण हेच सांगतात. पहिला शरीराला लागतो, दुसरा आपण मनाला लावून घेतो. तुमचा सराव या दुसऱ्या बाणासाठी आहे.

आता आठवत का नाही ते पाहू. धोक्याची चाहूल लागली की अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला धोका टिपणारा भाग, शरीराला कामाला लावतो. मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिन ही रसायनं वाढतात आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे तोलून विचार करणारा भाग, नेमका तेव्हाच ढिला पडतो. अशा वेळी लांबलचक वचनं हाताशी येत नाहीत. तिथे छोट्या, आधीच घोटलेल्या कृती लागतात.

पहिली कृती म्हणजे भावनेला मनातल्या मनात दोन शब्दांत नाव देणं : ‘अपमान वाटला’, ‘भीती वाटली’. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या 2007च्या प्रयोगात, चेहऱ्यावरच्या भावनेला नाव देताना अमिग्डालाचा प्रतिसाद कमी झालेला दिसला. इथे बहुतेकांचं चुकतं ते असं, की ‘हा माणूस उद्धट आहे’ म्हटलं की भावनेला नाव दिलं असं वाटतं. तो निवाडा झाला. त्याने राग वाढतो.

मग श्वास. 4 सेकंद आत, 6 सेकंद बाहेर, असे पाच. मिनिटसुद्धा लागत नाही. श्वास संथ हवा, मोठा नको. जोरजोरात छाती भरून श्वास घेतला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि घाबरल्यासारखं वाटायला लागतं. ‘श्वासाचा उपयोग होत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं इथेच बिघडतं.

हे सगळं ऐनवेळी सुचावं म्हणून एक ‘जर–तर’ वाक्य लिहून ठेवा : ‘जर समोरच्याचा आवाज चढला, तर मी आधी श्वास सोडीन.’ रोज शांत असताना तो प्रसंग डोळ्यांसमोर आणून तीन-चार वेळा म्हणा. ‘मी शांत राहीन’ असा नुसता निश्चय यापुढे फिका पडतो, कारण त्यात कधी आणि काय करायचं हेच नसतं. लेखी उत्तर द्यायचं असेल तर निदान अर्धा तास थांबा. धक्क्यानंतर कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची पातळी साधारण 20 ते 30 मिनिटांनी शिगेला पोचते; राग ओसरलाय असं वाटलं तरी शरीर अजून तापलेलं असतं. रागावर उशीर हा सर्वांत मोठा उपाय, असं सेनेकानेही म्हटलंय.

प्रश्न : संभाव्य संकटांची आधीच कल्पना करा, असं स्टोइक सांगतात. मी रोज रात्री ते करते, पण झोपच उडते.

उत्तर : वेळही चुकतेय आणि शेवटही राहून जातोय. ‘असं झालं तर?’ हे उत्तराविना गोल फिरत राहिलं की ती निव्वळ काळजी. हा सराव दिवसा, कागदावर आणि दहाच मिनिटं करा. एकच संकट घ्या. डावीकडे ‘नेमकं काय होईल’, उजवीकडे ‘त्यातलं माझ्या हातात काय’. खाली दोन ओळी : ते झालंच तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय करीन, आणि आज त्यासाठी कोणतं एक काम करीन. दुसरी ओळ लिहिल्याशिवाय कागद मिटायचा नाही.

रात्री फक्त उद्याच्या कामांची यादी करा. बेलर विद्यापीठातल्या 2018च्या प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटं अशी यादी लिहिणारे, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे 9 मिनिटं लवकर झोपले. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. आणि विचार आलाच तर दडपू नका. दडपलेला विचार जास्तच उसळतो. योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींचा मार्गही दडपण्याचा नाही. त्रास देणाऱ्या विचारासमोर विरुद्ध बाजूचा विचार आणून ठेवा, असं त्यांचं प्रतिपक्षभावनेचं सूत्र सांगतं.

प्रश्न : 21 दिवसांत मेंदू बदलतो, हे खरं का?

उत्तर : नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या 2010च्या अभ्यासात एखादी साधी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाला 254 लागतील असा अंदाज निघाला. आठ आठवड्यांच्या ध्यानाने मेंदूची रचना बदलते, हा दावाही 2022मध्ये विस्कॉन्सिनच्या मोठ्या अभ्यासात टिकला नाही. स्कॅनमध्ये काय दिसेल याचा विचार सोडा. धक्क्यातून सावरायला किती वेळ लागला, तेवढंच आठवड्यातून एकदा टिपून ठेवा. मात्र उदासी किंवा निरुत्साह दोन आठवडे जवळपास रोज टिकला, झोप-भूक बिघडली, तर या सरावावर विसंबू नका, डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर त्याच दिवशी भेटा.