न्यूझीलंडला कॅम्परव्हॅन (आत झोपायची सोय असलेली गाडी) घेऊन फिरणार असशील, तर एवढं ऐक

लातूरहून सोलापूर गाठायच्या हिशेबानं तिथले किलोमीटर मोजू नकोस बाबा. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, पण रस्ते वळणाचे आणि पूल बरेचसे एकाच गाडीपुरते अरुंद. पुलाआधीच्या पाटीवर तुझा बाण लाल आणि छोटा असेल तर थांबायचं, समोरच्याला आधी जाऊ द्यायचं.

ख्राइस्टचर्चहून निघालास की टेकापो तलाव, मग पुकाकी तलाव. हिमनदीनं दळलेल्या दगडाची बारीक भुकटी पाण्यात तरंगते, म्हणून या तलावांना तो निळा रंग. पुकाकीच्या काठानं वर गेलं की ३,७२४ मीटर उंचीचा माउंट कुक. तिथं व्हाइट हॉर्स हिलच्या कॅम्पवर मुक्काम करच. पोरा, ती जागा घाईत उरकायची नाही.

वानाकाला टाकी भरून मगच हास्ट खिंडीकडे वळ, पुढं पंप विरळ आहेत. पश्चिम किनाऱ्यावर पाऊस धो धो आणि सँडफ्लाय नावाच्या बारीक माश्या चावून हैराण करतात, मलम जवळ ठेव. फ्रान्झ जोसेफची हिमनदी मागं सरकलीय. बर्फावर पाय ठेवायचा तर हेलिकॉप्टरच लागतं.

गाडी भाड्यानं घेताना ‘सेल्फ कंटेन्ड’चं, म्हणजे गाडीतच संडास आणि सांडपाण्याची टाकी असल्याचं, प्रमाणपत्र बघ. त्याशिवाय फुकटच्या बहुतेक जागी रात्र काढता येत नाही. सांडपाणी नेमल्या ठिकाणीच ओत.

आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, सगळं विमानतळाच्या अर्जात लिही. लपवलंस तर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड बसतो. मध नेऊच नकोस.