घर आमचंच, पण तीन वर्षं राहायचं कुठे?

पत्र: विक्रोळीत आमचा मालकीचा फ्लॅट आहे. सोसायटी रिडेव्हलपमेंटला जातेय. सहा महिन्यांत घरं रिकामी करायची, नवी इमारत तीन वर्षांनी. अब्बा ७४ वर्षांचे, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सेंटर रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. अम्मीचे गुडघे गेलेत. आतापर्यंत चौदा घरं बघितली. आडनाव कळलं की ‘कालच गेलं हो’, नाहीतर ‘मालकांना व्हेज फॅमिली हवीय’. भाऊ म्हणतो, मुंब्र्याला जाऊ, नाहीतर माझ्या मित्राच्या नावावर अ‍ॅग्रीमेंट करू. अब्बा आता घर बघायला यायलाच तयार नाहीत. काय करू?

उत्तर: ताई, मित्राच्या नावावर अ‍ॅग्रीमेंट मुळीच करू नका. त्या घरात तुमचे आईवडील कागदावर कुणीच नसतील. पत्त्याचा पुरावा मिळणार नाही. पोलिस व्हेरिफिकेशनला तिसरंच नाव निघेल आणि मालकाला ‘फसवलंत, आजच निघा’ म्हणायला आयतं कारण मिळेल. मग डायलिसिसच्या दिवशी सामान रस्त्यावर.

ठाण्याजवळच्या मुंब्र्याचा निर्णय मात्र कागद-पेन घेऊन करा. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबं तिथे गेली. नातेवाईक, मशीद, ओळखीची भाषा हे सगळं तिथे मिळतं आणि तिथे जाण्यात कमीपणा काहीच नाही. प्रश्न फेऱ्यांचा आहे. आठवड्याला तीन डायलिसिस म्हणजे जाऊन-येऊन सहा फेऱ्या, तीन वर्षांत ९३६. चार तास मशीनवर काढून, बीपी उतरलेलं असताना लोकलच्या गर्दीत उभं राहायचं हे त्यात धरा. मुंब्र्यात किंवा ठाण्यात डायलिसिसचा पक्का स्लॉट (ठरलेली वेळ) मिळत असेल तर जरूर जा. म्हणजे आधी स्लॉट, मग घर. नवं सेंटर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, ड्राय वेट (जादा पाणी काढल्यानंतरचं वजन), हेपरिनचा (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा) डोस आणि फिस्टुलाची (सुई टोचण्यासाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिनीची) माहिती मागेल. ती फाइल आत्ताच्या सेंटरकडून आजच घ्या.

तरण्या माणसाला घर नाकारलं तर तो चिडतो आणि दुसरं शोधतो. अब्बांची तब्येत घरापासून अर्ध्या किलोमीटरातल्या बारीकसारीक सोयींवर उभी आहे: चिठ्ठीशिवाय औषधं ओळखणारा केमिस्ट, थांबून राहणारा रिक्षावाला, नमाजानंतर बाकावर भेटणारे चार मित्र. एका नकाराने यातलं बरंच एकदम तुटतं, आणि दर अकरा महिन्यांनी नवं घर म्हटलं की पुन्हा पुन्हा तुटतं.

म्हणून तुमचा सगळा जोर मुदतीवर हवा. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स (मुदतीचा भाडेकरार) ही निव्वळ सवय आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असली तरी करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, त्यामुळे अकरा महिन्यांनी काही वाचत नाही. ३६ महिन्यांचा मागा. अकरा-अकराचे केलेत तर तीन वर्षांत चार करार, चारदा ब्रोकरेज आणि चारदा तीच आडनावाची परीक्षा. ३५,००० भाडं आणि एक लाख डिपॉझिट धरलं तर ३६ महिन्यांची स्टॅम्प ड्युटी, एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के व्याज यांच्या ०.२५ टक्के दराने, ३,२२५ रुपये होते. नोंदणीचे एक हजार वेगळे. लॉक-इन (करार मोडता येणार नाही असा काळ) मालकाला बांधणारा हवा आणि तुम्हाला दोन महिन्यांच्या नोटिशीवर निघता यायला हवं. मालक अडला तर निदान पहिलं वर्ष दोघांना बांधून घ्या. दरवर्षीची भाडेवाढ किती टक्के तेही आत्ताच लिहून घ्या. ऑनलाइन नोंदणीला अंगठा लागतो आणि म्हाताऱ्या बोटांचे ठसे बऱ्याचदा उमटत नाहीत, तेव्हा दोघांचं आधार बायोमेट्रिक आधीच अपडेट करा.

कायद्याकडून किती आशा ठेवायची? खाजगी मालकाने धर्म बघून घर नाकारलं तर त्याला थेट पकडेल असा कायदा नाही. धर्मावरून भेदभावाला मनाई करणारं संविधानाचं कलम १५ मुख्यतः सरकारला बांधतं, आणि २००५ साली सुप्रीम कोर्टाने एका पारशी सोसायटीला सभासदत्व पारशांपुरतं ठेवण्याची मुभा दिली. मुसलमानांना घर मिळताना येणाऱ्या अडचणी मुसलमानांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सरकारी सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवल्या, पण नोंदीने कुलूप उघडत नाही. मालकावर तक्रार करण्यात शक्ती घालवू नका.

मालक तयार आणि सोसायटीची कमिटी आडवी, असं झालं तर मात्र सोडू नका. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) सभासदाला फ्लॅट भाड्याने देण्यासाठी कमिटीची पूर्वपरवानगी लागत नाही. कराराची प्रत जोडून आठ दिवस आधी कळवलं की पुरे. मालकाला म्हणा, ‘नकार लेखी मागा.’ धर्माचं कारण लेटरहेडवर लिहायला सहसा कुणी धजावत नाही. तरीही अडवलं तर सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे अर्ज करायचा, पण तो मालकाने करायचा, कारण सभासद तो आहे. गोची इथेच होते, मालक घाबरतो. अर्ज तुम्ही लिहून द्या, त्याने फक्त सही करायची.

तुमच्या हातातला सर्वांत मोठा पत्ता बिल्डर आहे, आणि करारावर सह्या झाल्या की तो हातून जातो. सोसायटीच्या सभेत लेखी मागा: ज्या ज्येष्ठांना घर मिळत नाही त्यांना, बाहेर राहायच्या काळासाठी देतो त्या भाड्याऐवजी, बिल्डरने स्वतः घर द्यावं. त्याच्याकडे रिकामे फ्लॅट असतात, ब्रोकर असतात, आणि त्याला कुणी आडनाव विचारत नाही. भाडं नुसत्या ‘पझेशनपर्यंत’ नको, ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळून ताबा हातात येईपर्यंत हवं. घर बदलावं लागलं तर ब्रोकरेज आणि टेम्पोचा खर्च दरवेळी. ४ जुलै २०१९च्या शासन निर्देशांप्रमाणे सोसायटीने बिल्डरकडून प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी घेतलीय का तेही विचारा, कारण भाड्याचे चेक अर्ध्या वाटेत परत येतात ते आजकाल नवल राहिलेलं नाही. नव्या इमारतीतल्या पर्यायी जागेचा तुमचा स्वतंत्र करार नोंदवल्याशिवाय किल्ली देऊ नका. आणि हे लिहिताना हात अडखळतो, पण तीन वर्षं म्हणजे मोठा काळ आहे: सोसायटीत नॉमिनेशन (फ्लॅटसाठी वारसाचं नाव नोंदवणं) आहे का ते आत्ताच बघून घ्या.

अब्बांना घरं दाखवायला नेऊ नका. त्यांनी तो नकार तोंडावर चौदा वेळा ऐकलाय. ब्रोकरला पहिल्याच फोनवर आडनाव आणि डायलिसिस दोन्ही सांगा. नकार यायचाच असेल तर तो तुमच्या कानावर येऊ दे, तीन मजले चढलेल्या म्हाताऱ्याच्या नको. सगळं ठरलं की एकदाच न्या, डायलिसिस नसलेल्या दिवशी. टेप बरोबर ठेवा. व्हीलचेअर साधारण २५ इंच रुंद असते आणि जुन्या इमारतींत बाथरूमचं दार बऱ्याचदा २४ इंचांचं. लिफ्टला बॅकअप आहे का ते वॉचमनला विचारा, मालकाला नको.