शोलावरमच्या जुन्या ट्रॅकवर कोणी प्रत्यक्ष गाडी पळवली आहे का? तिथं कसं होतं?

पळवली आहे. तीनदा. एकदाही पहिल्या तिघांत आलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तुम्ही लिहिलंय की २०२४ मध्ये चेन्नईत रात्रीची स्ट्रीट रेस झाली तेव्हा जुनी मंडळी सारखी शोलावरमची आठवण काढत होती. तर तो ट्रॅक होता कसा, गाड्या कुठल्या असायच्या आणि बंद का झाला? जसं आठवेल तसं सांगतो.

ट्रॅक म्हणून तिथं बांधलेलं काहीच नव्हतं. मद्रासच्या उत्तरेला, रेड हिल्सच्या पुढं, दुसऱ्या महायुद्धातली एक विमानाची धावपट्टी होती. तिच्यावरच इंग्रजी 'टी' अक्षरासारखा मार्ग आखायचे. एरवी ओसाड. फेब्रुवारी आला की मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबची माणसं दोर, ड्रम, वाळूची पोती घेऊन यायची, सुरूच्या वाशांचे स्टँड बांधायची, आणि शनिवार-रविवार तिथं जत्रा भरायची. अक्षरशः जत्रा. माणसं एसटीनं, सायकलवरून, डबे बांधून यायची. शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला रस्ता तेव्हा अख्ख्या देशात नव्हता, त्यामुळे जिथं धावपट्टी मिळेल तिथं शर्यत. कलकत्त्याकडे बराकपूर, आपल्याकडे मुंबईत जुहू. आमच्या गॅरेजचे वस्ताद जुहूच्या गोष्टी सांगायचे. त्यातल्या निम्म्या खऱ्या असाव्यात.

आता गाड्या. परदेशी गाडी आणणं तेव्हा आपल्यासारख्याचं कामच नव्हतं. त्याच पट्टीवर विजय मल्ल्यांनी एन्साईन या ब्रिटिश संघाची फॉर्म्युला वन गाडी पळवली, तो भाग वेगळा. बाकी जनता म्हणजे फियाट, अँबॅसडर, हेराल्ड, पुढं मारुती. आमची प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसी, चारी चाकांना ड्रम ब्रेक, मागं पाटे, गिअरचा दांडा स्टेअरिंगखाली. लग्नात नवरदेव बसवायची गाडी. आणि ती आमचीही नव्हती, काकांची होती.

त्याचं असं झालं. मी आणि माझा चुलतभाऊ, दोघंही विशीतले, नाना पेठेतल्या एका गॅरेजवर पडीक असायचो. वस्ताद म्हणाले, गाडी आणा, बाकी मी बघतो. काकांना आम्ही सांगितलं, तिरुपतीला जाऊन येतो. काकांनी गाडी तर दिलीच, वर हुंडीत टाकायला एकशे एक रुपये दिले. चुलतभावाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

वस्तादांनी चार दिवसांत जे केलं ते मी नंतर मोठमोठ्या वर्कशॉपमध्येही बघितलं नाही. इंजिनचं हेड घासून घेतलं म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं, पण मग साध्या पेट्रोलवर इंजिन ठोकायला लागतं, म्हणून ९३ ऑक्टेनच भरायचं. कार्बोरेटरचे जेट बदलले. पोर्ट, म्हणजे हेडमधले हवा-धूर जायचे रस्ते, आतून हातानं पॉलिश केले, बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून दोन रात्री ते हेच करत होते, आणि मध्येच माझं बोट आत घालून म्हणायचे, "लागतंय का काही?" लागत नव्हतं. काचेच्या ग्लासात बोट घातल्यासारखं वाटायचं. मागची सीट काढून गाडी उलटली तर टप चेपू नये म्हणून पाइपचा रोल बार नटबोल्टवर बसवला, परत काढता येईल असा. त्यासाठी काकांच्या गाडीच्या तळाला सहा भोकं पडली. ती मॅटखाली झाकली.

मग पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगलोर, मद्रास. जी गाडी शर्यतीत पळवायची तीच चालवत जायचं, आत तिघं माणसं, जॅक, पाने, दोन ब्रेक शूचे सेट आणि काकूंनी दिलेल्या दशम्या. ट्रेलरवर गाडी घालून येणारी पार्टी आम्ही पहिल्यांदा तिथंच बघितली. मैदानाबाहेर झाडाखाली बंपर काढले, व्हीलकॅप काढले, हेडलाइटच्या काचांवर फुली मारून टेप लावला, दारावर पांढऱ्या पट्ट्यांनी नंबर चिकटवला. झाली रेसिंग कार.

वेग किती होता, हे सगळे विचारतात. सांगता येणार नाही, कारण वस्तादांनी स्पीडोमीटरची केबल काढून टाकली होती. म्हणाले, काटा बघशील तर घाबरशील.

शोलावरमची खरी अडचण वेगाची नव्हतीच. धावपट्टी इतकी रुंद आणि सपाट, की आपण कुठं आहोत हेच कळत नाही. रस्त्यावर झाड असतं, खांब असतो, वळणाचा उंचवटा असतो. इथं समोर नुसतं ऊन थरथरत असतं आणि त्यात लांबवर चार ड्रम, तिथं वळायचं. ब्रेक कधी दाबायचा? ड्रम ब्रेक तापले की पाचव्या फेरीपासून पेडल लाकडासारखं कडक होतं आणि गाडी थांबत नाही, त्यामुळे वेळेवर दाबणं हाच सगळा खेळ. सगळे जण काहीतरी खूण धरायचे. मी शनिवारच्या सरावात एक गोळी सोड्याची हातगाडी धरली. वर लाल छत्री. छत्री उजव्या खिडकीत आली की ब्रेक. सुंदर जमत होतं.

रविवारी गर्दी वाढली. सोडेवाला गर्दीकडं सरकला, असेल तीस-चाळीस पावलं. शर्यतीत पहिल्याच फेरीला मी छत्रीची वाट बघतोय, बघतोय, आणि समोर ड्रम. नंतर फक्त धूळ आठवते. दोन ड्रमांच्या मधून सरळ गवतात, तिथून बाभळीच्या झुडपात. जाळी चेपली, मला खरचटलंही नाही. लोकांनी ढकलून गाडी बाहेर काढली, मी उरलेल्या फेऱ्या पूर्णही केल्या, शेवटून दुसरा आलो. वस्ताद काही बोलले नाहीत, शांतपणे जाळी हातानं ओढून सरळ करत होते. मग म्हणाले, "अरे, हातगाडीला चाकं असतात. दिसली नाहीत?"

पुढच्या दोन वर्षी आम्ही काकांची गाडी नेली नाही. एक जुनी टॅक्सी विकत घेतली, टायर बफ करून, म्हणजे वरची नक्षी घासून नेले, गिअरचा दांडा खाली आणला. तरी बंगलोरच्या डॉल्फिनपुढं काही चालायचं नाही. सिपानी डॉल्फिन म्हणजे ८४८ सीसीची, फायबरच्या बॉडीची गाडी. रस्त्यावर लोक तिला हसायचे. पण वजनच नाही! सरळ पट्टीवर आम्ही पुढं, वळणावर ती आतून अशी निघून जायची की दिवा लावून शोधा. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन टाकून फॉर्म्युला मारुती ही एका सीटची रेसिंग गाडी बनवली, ती १९८० च्या दशकाच्या शेवटी. तिथून जमानाच बदलला. कोइमतूरजवळचा करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा.

बंद का झाला म्हणाल, तर जागा क्लबची नव्हती, दरवर्षी सगळं उभारायचं आणि उचलायचं. क्लबनं श्रीपेरुंबुदुरजवळ इरुंगट्टुकोट्टईला स्वतःचा ट्रॅक बांधला, १९९० मध्ये तो सुरू झाला, आणि शर्यती तिकडं गेल्या. आमच्या वयाची माणसं त्यावरून गळा काढतात. मला ते पटत नाही. शोलावरमला लोक आणि गाड्या यांच्यामध्ये काही ठिकाणी नुसता दोर असायचा. माझी गाडी गेली त्या गवतात त्या क्षणी कोणी बसलेलं नव्हतं, एवढंच माझं नशीब. बंद झाला ते बरंच झालं.

हां, तिरुपतीला आम्ही खरंच गेलो. जावंच लागलं, लाडू कुठून आणणार? एकशे एक रुपये हुंडीत टाकले, नंबरच्या पट्ट्या खरवडून काढल्या, बंपर बसवले, सीट बसवली. जाळीचं काय सांगायचं ते वाटेत ठरलं: घाटात म्हैस आडवी आली.

काकू घरोघर प्रसाद वाटत होत्या. काकांनी लाडू कपाळाला लावून खाल्ला, म्हशीची गोष्ट ऐकून घेतली, मग खाली वाकून टायर बघितले. बाहेरच्या कडा साफ झिजून आतली कापडी तार दिसत होती. बराच वेळ त्यांनी त्या कडेवरून अंगठा फिरवला.

"का रे," ते म्हणाले, "बालाजीला प्रदक्षिणा गाडीतून घातल्यात का?"